वर्षाचं धान्य आणि दोन फुटांचं कपाट

स्वयंपाकघर नवं करायचं ठरलं की आधी जुनं रिकामं करावं लागतं. नंदुरबार, शहादा किंवा तळोद्यातल्या भरल्या घरात हे काम एका दुपारी आटपत नाही. ओट्याखालच्या खणांतून आधी रोजची भांडी निघतात. त्यांच्या मागून जर्मनची मोठी पातेली, भाकरीचा लोखंडी तवा, काठोट, परात बाहेर येते. माळ्यावरून तांब्याचा हंडा, पितळी घंगाळ, शेवयांचं यंत्र, पापडांचे आणि बिबड्यांचे डबे उतरतात. सगळ्यात शेवटी जुन्या साडीत गुंडाळलेलं खापर दोन्ही हातांनी सांभाळत खाली येतं. त्यावर मांडे होतात ते वर्षातून दोन-चारदाच. पण ते फुटलं तर आखाजीला पुरणपोळी कशावर करायची, हा प्रश्न घरातल्या बायकांना नव्या टाइल्सच्या रंगापेक्षा मोठा वाटतो, आणि तसा तो आहेही.

सगळा पसारा अंगणात मांडून झाला की माप घ्यायला कारागीर येतो. त्याच्या मोबाइलमध्ये मॉड्युलर किचनची चित्रं असतात. चकचकीत शटर, आत दिवे, काचेच्या सहा बरण्या, चार कप. तो भिंत मोजतो, ओट्याची लांबी मोजतो, खिडकीची चौकट मोजतो आणि ट्रॉल्या किती बसतील ते सांगतो. अंगणातल्या पसाऱ्याला मात्र त्याचा टेप लागत नाही. नंदुरबार जिल्ह्यातली नवी स्वयंपाकघरं फसतात ती बहुतेक याच ठिकाणी. कपाट भिंतीच्या मापानं ठरतं आणि आत काय जाणार याचा हिशेब घरात सामान परत न्यायच्या दिवशी सुरू होतो.

यंदाच्या अंकाचा विषय ‘घर’. त्या घरातली सर्वांत जास्त पैसा खाणारी आणि सर्वांत कमी विचार करून बांधली जाणारी खोली नंदुरबारच्या नजरेतून पाहायची, तर सुरुवात शटरच्या रंगापासून करून चालत नाही. सुरुवात धान्यापासून करावी लागते.

जाड भिंतींची कपाटं

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात सहा तालुके आहेत. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी. तापीकाठच्या काळ्या जमिनीपासून नर्मदेच्या खोऱ्यातल्या पाड्यांपर्यंत घरांचे प्रकार बदलत जातात. वर्षाचं धान्य एकदम भरून ठेवण्याची रीत मात्र सगळीकडे सापडते. फरक असतो तो भांड्याचा.

सपाटीवरच्या खानदेशी गावांत जुनी घरं धाब्याची. वर मातीचं सपाट छप्पर, खाली हातभर आणि कुठे त्याहून जाड मातीच्या भिंती. या भिंतींनी उन्हाळा बाहेर ठेवला, तसा संसारही पोटात घेतला. कोनाडा, फडताळ, बळद हे सगळं भिंतीच्या जाडीतून कोरून काढलेलं. फडताळाला लाकडी दार लावलं की कपाट तयार, आणि त्यासाठी खोलीतली वीतभर जागाही द्यावी लागत नसे. आजची विटांची भिंत नऊ इंचांची. तिच्यात फडताळ कोरता येत नाही. म्हणून कपाट भिंतीतून बाहेर खोलीत आलं आणि खोली तेवढी आक्रसली. मॉड्युलर किचनच्या किमतीत ही गेलेली जागा कोणी धरत नाही.

सातपुड्यात गोष्ट वेगळी. अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या पाड्यांवर कणगी बांबूची. आतून-बाहेरून शेण-मातीनं लिंपलेली आणि ओल लागू नये म्हणून जमिनीपासून उचलून ठेवलेली. बियाण्याची मक्याची कणसं चुलीच्या वर टांगलेली असतात. धुरानं ती कोरडी राहतात, किडीपासूनही वाचतात. वाळलेल्या दुधी भोपळ्याची तुंबडी पाण्याला आणि बियाण्याला कामी येते. या भागाचं कुलदैवत याहामोगी माता. सीमेपलीकडे गुजरातेत देवमोगऱ्याला महाशिवरात्रीच्या सुमारास तिची यात्रा भरते, तेव्हा भाविक बांबूच्या नव्या टोपल्यांतून धान्य घेऊन जातात. धान्याचं भांडं इथे देवापुढे ठेवण्याइतकं मोलाचं आहे.

कणगीनंतर पत्र्याची कोठी आली. गोल, उभी, वर झाकण आणि खाली धान्य काढायचं तोंड. शहरातल्या ओनरशिपच्या फ्लॅटमध्येही ती दिसते. बहुधा बेडरूमच्या दारामागे, कारण नव्या स्वयंपाकघराच्या आराखड्यात तिला कोणी जागा ठेवलेली नसते.

दोन क्विंटल गहू कुठे मावतो?

थोडं गणित करू. एक क्विंटल गव्हाला साधारण १३० लिटर जागा लागते. ओट्याखालचं नेहमीचं कपाट दोन फूट रुंद, बावीस इंच खोल आणि अठ्ठावीस इंच उंच असतं. त्याचं पोट सुमारे २४० लिटरचं. म्हणजे त्यात दुसरं काहीही न ठेवता फक्त गहू ओतला, तरी दोन क्विंटल बसत नाही. दादर ज्वारी, बाजरी, तांदूळ आणि डाळी अजून बाहेरच. शिवाय दोनशे किलोचं वजन कपाटाच्या तळाच्या फळीवर आणि तिच्याखालच्या प्लॅस्टिकच्या पायांवर टाकायचं.

यातून निघणारं उत्तर सरळ आहे. वर्षाचा साठा आणि महिन्याचा वापर यांची जागा आधीच वेगळी करायची. साठा कोठीत. कोठी स्वयंपाकघराच्या आत किंवा लागून, पण थंड भिंतीशी, जमिनीपासून वीट-दोन विटा उंच आणि भिंतीपासून हात जाईल इतकी सुटी. ओट्याच्या कपाटात फक्त महिन्याचं, फार तर दोन महिन्यांचं. हे पक्कं झालं की ट्रॉल्यांची संख्या आपोआप कमी होते आणि वाचलेल्या पैशांत उरलेल्या कपाटांचं लाकूड चांगलं घेता येतं.

बंद कपाटात धान्य ठेवण्याला आणखी एक अडचण आहे. गव्हातला ओलावा १२ टक्क्यांच्या आत आला नाही तर बंद जागेत सोंडे वाढतात. जुन्या बायका टक्केवारी न मोजता चैत्र-वैशाखाच्या उन्हात धान्य घालून दाणा दाताखाली धरायच्या. कट्‌ करून फुटला तर भरायचा, चेपला तर अजून एक ऊन. मग कडुलिंबाचा पाला किंवा एरंडेलाचा हात. नवं कपाट कितीही महागाचं असलं तरी त्यानं हे काम टळत नाही. उलट शेगडीशेजारच्या कपाटात उष्णता आणि वाफ दोन्ही पोचतात, म्हणून डाळीचा डबासुद्धा तिथे ठेवू नये. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. ती घरी आणून शेगडीच्या बाजूला किडू देणं जिवावर येईल.

जगातल्या आधुनिक स्वयंपाकघराची सुरुवात मानतात ते ‘फ्रांकफुर्ट किचन’ही साठवणीच्या हिशेबातूनच घडलं होतं. १९२६ मध्ये मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी कामगार वसाहतींसाठी ते आखलं. खोली जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. बाईंनी आधी स्वयंपाक करणाऱ्या बाईची पावलं मोजली, मग वस्तू मोजल्या आणि शेवटी कपाटं काढली. साखर-तांदळासाठी नावं घातलेले, दांडीला धरून ओतता येणारे ॲल्युमिनियमचे खण केले. पिठाचा खण मात्र ओकच्या लाकडाचा, कारण त्या लाकडातल्या टॅनिनमुळे पिठात किडा होत नाही. आज नंदुरबारला पोचणारं ट्रॉल्यांचं पुस्तक त्या स्वयंपाकघराचं दूरचं वंशज आहे. वाटेत मोजणी गळाली आणि चित्र तेवढं उरलं.

कडाप्पा की प्लाय

महाराष्ट्रात ‘ट्रॉल्या’ म्हणतात त्या दोन तऱ्हेनं बसतात आणि निवडीचा खरा प्रश्न हाच आहे.

पहिली तऱ्हा जुनी. गवंडी ओटा बांधतानाच खाली कडाप्प्याच्या उभ्या फरश्या रोवतो. त्यांच्यामधल्या खणांत पुढे स्टीलच्या ट्रॉल्या सरकतात, आणि बाहेरून दिसतं ते फक्त शटर. दगडाला वाळवी लागत नाही. सिंकचं पाणी झिरपलं तरी तो फुगत नाही. फरशी बादलीनं धुण्याची सवय असलेल्या घरात हा मोठाच गुण. दोष असा की गवंड्याचा खण क्वचितच काटकोनात असतो. वरून साडेएकोणीस इंच आणि खालून वीस, असा खण निघाला की चॅनेल तिरकं बसतं आणि ट्रॉली महिनाभरात घासू लागते. दगडात बिजागरीचा स्क्रू धरत नाही, म्हणून आधी लाकडी पट्टी मारावी लागते. फरशीच्या कडेजवळ ड्रिल घेतलं तर कपची उडते. तेव्हा कडाप्पा ठेवायचा असेल, तर ट्रॉल्यांची मापं गवंड्याला ओटा घालण्याआधी द्यावीत आणि प्रत्येक खण वर, मध्ये आणि खाली असा तीनदा मोजावा. तिन्हींतलं सर्वांत लहान माप खरं.

दुसरी तऱ्हा म्हणजे पूर्ण लाकडी पेटी. प्लायवुडचं कपाट बाहेर तयार करून आणायचं, पायांवर उभं करायचं आणि वर ग्रॅनाइट टाकायचं. माप नेमकं मिळतं, घर बदललं तर सोबतही नेता येतं. पण सगळं काही प्लायच्या जातीवर.

दुकानात ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द सैल वापरतात. भारतीय मानक आयएस ३०३ खाली दोन जाती येतात. एमआर आणि बीडब्ल्यूआर. एमआरचा नमुना ६० अंशांच्या पाण्यात तीन तास ठेवून तपासतात, बीडब्ल्यूआरचा आठ तास उकळून. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय. त्याचा नमुना बहात्तर तास उकळूनही थर सुटता कामा नयेत. स्वयंपाकघरात एमआर प्लाय ओट्याखाली कधीच घालू नये. सिंकखालच्या पेटीला ७१०, बाकी ओट्याखाली निदान बीडब्ल्यूआर आणि वरच्या कपाटांना परवडेल ते, असा विभागून खर्च केला तर पैसा योग्य जागी पडतो. शीटवरच्या आयएसआय शिक्क्याखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. दुकानदारासमोर उभं राहून तपासावा, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. आणखी खात्री हवी असेल तर प्लायचा लहान तुकडा मागून घ्यावा, घरी पातेल्यात घालून दिवसभर उकळावा आणि कडेला नख घालून पाहावं.

स्वस्तात मिळणाऱ्या तयार किचनमध्ये पार्टिकल बोर्ड असतो. त्याची कड पट्टीनं नीट बंद असेल तोवर तो टिकतो. एका कोपऱ्याची पट्टी सुटली आणि पोछ्याचं पाणी आत गेलं की बोर्ड फुगतो आणि पुन्हा बसत नाही. खालच्या कपाटांना तो घेऊच नये. मेम्ब्रेन शटरबद्दलही तेच. एमडीएफवर चिकटवलेली पीव्हीसीची फिल्म शेगडीच्या उष्णतेनं कडेला सुटते. शेगडीच्या दोन्ही बाजूंना साधं एक मिलिमीटरचं लॅमिनेट, आपल्या भाषेत सनमायका, जास्त भरवशाचं.

सागाच्या मुलखात हरियाणाचं लाकूड

सातपुड्याच्या कुशीतला हा जिल्हा सागवानाचा. तरी नव्या किचनमध्ये जाणारं प्लाय हरियाणातल्या यमुनानगरचं किंवा गुजरातेतल्या गांधीधामचं असू शकतं. यमुनानगरचं असेल तर आत बहुधा पॉप्लर आणि निलगिरीचे थर. सागाचं झाड स्वतःच्या शेतातलं असलं तरी ते तोडायला परवानगी लागते, १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानं, आणि लाकूड हलवायला वाहतूक पास. हा नियम असावा हेच बरं. पण त्यामुळे नवा साग महाग आहे आणि स्वयंपाकघराच्या पेटीसाठी तो घेणं परवडत नाही.

जुना साग मात्र कित्येक घरांत पडून असतो. धाब्याचं घर पाडून स्लॅबचं बांधताना तुळया, खांब, दारांच्या चौकटी निघतात. त्या मागच्या अंगणात पत्र्याखाली रचलेल्या दिसतात किंवा भंगाराच्या भावानं जातात. हे लाकूड कित्येक उन्हाळे सोसून मुरलेलं असतं, त्यामुळे आता वाकत नाही. सागाच्या गाभ्यातल्या द्रव्यांमुळे वाळवी त्याला सहसा तोंड लावत नाही. मात्र हा गुण गाभ्याचा. बाहेरच्या पांढुरक्या रसकाठात तो नाही. जुनी तुळई आरागिरणीवर नेऊन रसकाठ काढून घेतला, तर ओट्याखालच्या चौकटी, कडाप्प्यावर मारायच्या पट्ट्या आणि उंच कपाटाच्या फळ्या घरच्याच लाकडातून निघतात. आरागिरणीवाल्याला खिळे आधी उपटून द्यावे लागतात, एवढीच मेहनत. आजोबांच्या घराची तुळई भंगारात घालून नातवानं पार्टिकल बोर्ड विकत आणावा, हे पाहून वाईट वाटतं.

कुठली ट्रॉली कामाची

ॲक्सेसरीजचं पुस्तक उघडलं की माणूस हरखतो. कपबशीची ट्रॉली, थाळीची ट्रॉली, कटलरी, बाटल्यांची पुलआउट, कोपऱ्यात फिरणारं कॅरोसेल, मॅजिक कॉर्नर, उंच पॅन्ट्री, मिक्सरसाठी रोलिंग शटर, सिलिंडरची चाकाची गाडी. दर रनिंग फुटावर सांगितला असेल तर यातलं काय त्यात आलं आणि काय वेगळं लागेल, हे कागदावर लिहून घ्यावं. अंदाज फुगतो तो इथेच.

सगळ्यात उपयोगी वस्तू पुस्तकात सर्वांत साधी दिसते. खोल, रुंद, चारी बाजूंनी बंद ड्रॉवर. पातेली एकात एक घालून त्यात राहतात, वरून पाहताच दिसतात आणि मागचं काढायला पुढचं हलवावं लागत नाही. तारेच्या ट्रॉलीत वाटी तिरकी होते, चमचा अडकतो, झाकण खाली पडून चॅनेलमध्ये बसतं. तारेचा फायदा एकच, ओली भांडी निथळतात. म्हणून थाळ्यांची एक ट्रॉली तारेची घ्यावी, सिंकच्या शेजारी. बाकी ठिकाणी बंद पेटी.

वजनाकडे पाहावं. बाजारात नेहमी मिळणाऱ्या टेलिस्कोपिक चॅनेलची जोडी साधारण ३५ ते ४५ किलो पेलते. टँडम बॉक्स ३०, ५०, ६५ अशा वेगवेगळ्या क्षमतांत येतो. स्टीलची पातेली, कुकर आणि लोखंडी कढया भरलेला दोन फुटी ड्रॉवर तीस किलोपर्यंत सहज जातो, आणि तो उघडताना हाताचा भार वेगळा. तेव्हा भांड्यांच्या ड्रॉवरला वरची क्षमता आणि चमच्यांच्या ड्रॉवरला साधी, असं वाटून घेता येतं. सगळीकडे एकच महाग चॅनेल घालायची गरज नाही.

कटलरी ट्रे बाहेरदेशी ताटासाठी बनलेला. काटे, सुऱ्या, चमचे यांचे अरुंद कप्पे. आपल्याकडे झारा, पळी, उलथनं, सांडशी, चिमटा, किसणी, लाटणं, रवी. यातलं एकही त्या कप्प्यात आडवं बसत नाही. रवी सर्वांत लांब, म्हणून तिच्या मापाचा एक सलग खण सुताराला सांगून करून घ्यावा आणि उरलेल्या जागेत दोन पट्ट्या माराव्यात. बाटल्यांच्या अरुंद पुलआउटची तीच गत. त्यात लिटरची बाटली मावते. तेलाचा पंधरा किलोचा डबा आणणाऱ्या घराला त्याचा उपयोग अर्धाच. डब्याला ओट्याखाली जमिनीलगत, शटरच्या आत पण ट्रॉलीविना, एक मोकळा खण ठेवला की काम होतं.

एल आकाराच्या ओट्याचा कोपरा ही कायमची डोकेदुखी. कॅरोसेल छान फिरतं, पण गोल तबकांच्या बाहेरचे कोपरे वाया जातात आणि मॅजिक कॉर्नरची किंमत सगळ्या ड्रॉवरच्या बरोबरीला जाते. ज्या घरात वर्षातून दोनदाच लागणाऱ्या वस्तू आहेत त्या घराला कोपरा वरदान आहे. घंगाळ, मोठी परात, लग्नकार्याची पातेली तिथे आत ढकलावीत. खापर मात्र तिथे नको. त्याला वर, हाताच्या टप्प्यात, स्वतःची फळी हवी. जाड गोधडीची घडी घालून पालथं ठेवलेलं, आणि त्याच्यावर दुसरं काहीही नाही.

स्टीलबद्दल एक गोष्ट. चुंबक चिकटला नाही म्हणजे ३०४ ग्रेड, असं सर्रास सांगतात. ते खरं नाही. स्वस्त २०२ ग्रेडही चुंबकाला धरत नाही. त्यात निकेल कमी असल्यानं ते मीठ-आंबटापुढे लवकर डागाळतं आणि गंजतं. ग्रेड बिलावर लिहून घेणं हाच उपाय.

वरच्या कपाटांच्या बिजागऱ्यांवर झिरो, आठ आणि सोळा असे आकडे ऐकू येतात. दार पेटीची कड पूर्ण झाकतं तिथे झिरो. मधल्या एकाच फळीवर दोन दारं येतात तिथे आठ. दार चौकटीच्या आत बसतं तिथे सोळा. ग्राहकाला हे माहीत असलं की कारागीरही जपून काम करतो. चॅनेल घासायला लागलं तर गोडं तेल सोडू नये. फेब्रुवारीपासूनची धूळ आणि भाकरीचं पीठ त्या तेलात मिसळून लगदा होतो. कोरडं फडकं आणि जुना दात घासायचा ब्रश पुरतो.

मिरचीला उजेड नको

नंदुरबारच्या बाजार समितीत ओली लाल मिरची येऊ लागली की शहराबाहेर पथाऱ्या पडतात. मैदानच्या मैदानं लाल. त्या दिवसांत घरोघरी वर्षाच्या तिखटाची बेगमी होते आणि नवं स्वयंपाकघर दाखवायचं म्हणून तिखट काचेच्या बरणीत भरून उघड्या फळीवर, खिडकीजवळ ठेवलं जातं. त्या तिखटाला ही जागा घातक आहे. मिरचीचा लाल रंग उजेडानं, उष्णतेनं आणि हवेनं फिका पडतो. शेगडीच्या डोक्यावरचं मसाल्याचं रॅक ही तर सर्वांत वाईट जागा. रोजचा मिसळणाचा डबा तेवढा शेगडीजवळ ठेवावा आणि साठ्याचं तिखट घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, वर हिंगाचा खडा टाकून, शेगडीपासून सर्वांत लांबच्या अंधाऱ्या कपाटात. अख्खी सुकी मिरची ठेवायची तर जागा अनेक पटींनी जास्त लागते. वजन नसतं पण पोतं फुगतं. त्यासाठी माळा ठीक, अर्थात पत्र्याच्या छपराखालचा नसेल तर.

सातपुड्यातून उन्हाळ्यात आमचूर येतो. कैरीच्या वाळलेल्या फोडी हवेतलं पाणी ओढतात आणि पावसाळ्यात चिकट होतात. आमचूर, चिंच आणि मीठ तारेच्या ट्रॉलीत उघड्या पिशवीत ठेवले की तार डागाळलीच म्हणून समजावं. या तिघांना चिनी मातीची किंवा काचेची बरणी आणि साधी लाकडी फळी.

सिलिंडरचाही विचार इथेच करावा. घरगुती गॅस हवेपेक्षा जड, गळाला तर जमिनीलगत साचतो. १४.२ किलोचा सिलिंडर सुंदर शटरमागे लपवायची फॅशन आहे. लपवायचाच असेल तर शटरला तळाशी आणि वर जाळी हवी, सिलिंडर उभा हवा आणि रेग्युलेटर बंद करायला हात सरळ पोचायला हवा. नळी दीड मीटरहून लांब नको आणि पाच वर्षांनी बदलायचीच. ती कपाटाच्या मागून नेली तर बदलणार कोण?

भाकरीची उंची

ओट्याची प्रचलित उंची बत्तीस ते चौतीस इंच. उभ्यानं चिरायला, फोडणी द्यायला ती बरी. पण खानदेशात भाकरी हातावर, परातीत थापतात आणि पिढ्यान्‌पिढ्या ते काम बसून झालेलं आहे. चौतीस इंचांच्या ओट्यावर परात ठेवली की थापण्याची पातळी अजून तीन-चार इंचांनी वर जाते. खांदे उचलून रोज पंधरा भाकऱ्या थापणाऱ्या बाईची मान दुखणारच. भारतीय बाईची सरासरी उंची १५२ सेंटिमीटर, म्हणजे पाच फुटांच्या आसपास. पुस्तकातलं चित्र तिच्या मापाचं नसतं.

उपाय महाग नाही. ओट्याच्या एका टोकाचा अडीच फुटांचा भाग अठ्ठावीस-तीस इंचांवर घ्यायचा. तिथेच पाटा किंवा मिक्सर, तिथेच परात आणि खाली पिठाचे डबे. बाहेर सरकणारी फळी या कामाची नाही, थापण्याचा मार तिचं चॅनेल सहन करत नाही. ज्या घरांत अजून बसूनच भाकरी होते तिथे जमिनीवरच्या चुलीची किंवा शेगडीची जागा मोडू नये. तीन फूट मोकळी फरशी हीसुद्धा सोयच आहे.

वरची कपाटं ओट्यापासून दीड-दोन फूट वर, खोली बारा ते चौदा इंच. सहा फुटांवरच्या फळीला स्टूल लागतं, तिथे रोजचं काही नको. जुन्या मातीच्या किंवा मातीत बांधलेल्या विटांच्या भिंतीवर भरलेलं कपाट टांगू नये. खिळा-फास्टनर धरल्यासारखा वाटतो आणि डबे भरले की सैल होतो. अशा घरात जमिनीवर उभं राहणारं, पंधरा इंच खोलीचं उंच कपाट करावं. साध्या फळ्यांचं, फडताळासारखं. पुलआउट पॅन्ट्रीपेक्षा ते स्वस्त, आणि पंधरा इंचांत एकामागे दोनच डबे राहत असल्यानं मागचा डबा विसरला जात नाही.

पंचवीस चौरस मीटरांत

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातले सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. त्यांतल्या अनेकांसाठी स्वयंपाकघर नवं करणं म्हणजे घरकुल बांधणं. नोव्हेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये घराचं किमान क्षेत्र २० वरून २५ चौरस मीटर करण्यात आलं, आणि त्यात स्वच्छ स्वयंपाकाची जागा धरलेली आहे. अनुदान सपाटीवर १.२० लाख, डोंगराळ भागात १.३० लाख रुपये. इतक्या पैशांत ट्रॉल्यांचा प्रश्नच येत नाही.

अडचण अशी की कणगी मातीच्या आणि कुडाच्या मोठ्या घरातली. घराचे चार भाग असतात, धान्य एका अंगाला राहतं, चुलीचा धूर कणसांपर्यंत जातो. पंचवीस चौरस मीटरांच्या पक्क्या खोलीत कणगी ठेवली तर चालायला जागा उरत नाही, आणि गॅस आला की धूरही गेला. धूर गेला ही चांगलीच गोष्ट, बायकांच्या डोळ्यांना आणि छातीला आराम पडला. पण मग बियाणं कुठे राखायचं? त्याला हवाबंद, कोरडी जागा लागते. झाकण घट्ट बसणारी लहान कोठी किंवा पिंप, कणसं सोलून दाणे कडक वाळवून आणि राख मिसळून भरलेलं.

या घरातली साठवण लाकडानं महाग पडते, बांधकामानं स्वस्त. भिंती उचलतानाच तीन-चार ठिकाणी कडाप्प्याच्या फरश्या विटांत दाबून घेतल्या की फळ्या झाल्या. चार विटांच्या खांबांवर एक फरशी टाकली की ओटा झाला आणि त्याच्याखाली कोठीला पुरेल एवढी पोकळी. दारावर, लिंटेलच्या पातळीला, दोन फूट बाहेर आलेला सिमेंटचा माळा घेतला तर वर्षातून लागणारं सगळं तिथे जातं. त्याखाली भिंतीला स्टीलची मांडणी, ताटं-वाट्या-पेले उभे ठेवायला. मांडणी टांगायचे खिळे ओल्या प्लास्टरमध्ये न ठोकता विटेत ठोकलेले बरे.

या फळ्या आणि हा माळा गवंड्याला आधी सांगावा लागतो. लिंटेलचा हप्ता मिळाला, सळई बांधून झाली आणि काँक्रीट पडायचं आहे, ती सांगायची शेवटची वेळ. त्या दिवशी घरातली बाई शेतावर किंवा मजुरीला गेलेली असते आणि गवंड्याशी बोलायला घरातला पुरुष थांबतो. कोठीची उंची तिला माहीत असते. एक दिवसाची मजुरी बुडवून तिला घरी थांबवलं, तर पुढची तीस वर्षं कोठी दारामागे ठेवावी लागणार नाही.